नदी ओढ्यात मरते

(शिरोळ तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढून, बाकी जवळजवळ तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, तुमच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ असा विषय छापलाय. तो मी दिलेला नाही. दहावीला हा प्रश्न पाच मार्कांना येतो आणि त्याचं उत्तर इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. कारखान्यांचं सांडपाणी, शहरांचं मैलापाणी, रासायनिक खतं, निर्माल्य आणि जनावरं धुणं. पाचही बरोबर, पाचपैकी पाच मार्क. घोळ एवढाच होतो की या उत्तरात म्हैस धुणं आणि लाख वस्तीच्या शहराची गटारं शेजारी-शेजारी, एकाच मापाची होऊन बसतात. म्हणून आज मी मापं काढायला आलोय. उपायांना वेळ उरला तर बघू.

मी तीसेक वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली वीसेक वर्षं दर हिवाळ्या-उन्हाळ्यात पोरांना घेऊन पंचगंगेवर जायचो, या अशा बाटल्या पिशवीत घालून. मागे दिसतेय ना? तीनशे मिलिलिटरची साधी काचेची बाटली आहे. ही पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग पिपेटनं दोन द्रावणं तळाशी सोडायची, एक मँगेनीज सल्फेटचं आणि दुसरं अल्कली आयोडाइडचं. बूच लावायचं आणि बाटली चार वेळा उलटीसुलटी करायची. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका तयार होतो आणि बर्फ पडावा तसा हळूहळू खाली बसतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका रंग गडद. ऑक्सिजन अजिबात नसेल तर साका पांढरा.

एका मार्च महिन्यात इचलकरंजीच्या खाली, एका कोल्हापुरी बंधाऱ्यामागं तुंबलेल्या पाण्यात आम्ही बाटली भरली. साका पांढराशुभ्र. बाटली हातात असलेली पोरगी म्हणाली, ‘सर, द्रावण खराब झालंय वाटतं.’ मलाही क्षणभर तेच वाटलं. दुसऱ्या डब्यातलं द्रावण काढलं, दुसरी बाटली भरली. पुन्हा पांढरा. मग तिनं स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी घेऊन तोच प्रयोग केला. लगेच तपकिरी. द्रावण चांगलं होतं. पुढे आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

आता हा ऑक्सिजन जातो कुठे, ते सांगतो. आपल्याकडच्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. माशांचं, किड्यांचं, गोगलगायींचं सगळं त्या आठ मिलिग्रॅमवर चालतं. तुम्ही त्या पाण्यात काहीही कुजणारं टाकलंत, मग ते शेण असो, भात असो, साखर असो की विष्ठा, की त्यावर जिवाणूंची पंगत बसते. जेवणारा जिवाणू श्वासही घेतो. म्हणजे पंगत जेवढी मोठी, तेवढा पाण्यातला ऑक्सिजन कमी. एक लिटर पाण्यातलं सगळं अन्न संपवायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल, ते मोजायचं. त्याला बीओडी म्हणतात, जैविक ऑक्सिजन मागणी. आपल्या देशात नमुना सत्तावीस अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून हा आकडा काढतात. अंघोळीला चालेल अशा नदीत तो तीनच्या आत हवा. तीनच्या वर गेला की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तो पट्टा प्रदूषित धरतं. २०२२ मध्ये त्यांनी देशभरातले असे ३११ पट्टे जाहीर केले. त्यातले ५५ महाराष्ट्रातले. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्याआधीच्या, २०१८ च्या यादीतही पहिला नंबर आपलाच होता, ५३ पट्ट्यांसह. आणि गंमत अशी, की पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केंद्रानं केला १९७४ मध्ये, आपण आपला स्वतःचा केला होता १९६९ मध्ये. राज्याचं मंडळ १९७० पासून आहे. म्हणजे उशिरा जाग आली, असं म्हणायचीही सोय नाही.

आता आपलं माप. घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण दोनशे ते तीनशे असतो. अडीचशेच्या आसपास धरा. एका लिटरात आठ मिलिग्रॅम मावतो म्हटल्यावर एक लिटर गटारपाणी नदीच्या तीस लिटर चांगल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकू शकतं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यायचं, हा सरकारी निकष आहे. त्यातलं ऐंशी टक्के गटारात येतं, असं अभियंते धरतात. लाख वस्तीच्या गावाचं झालं रोजचं एक कोटी आठ लाख लिटर. त्याला तीसनं गुणा. बत्तीस कोटी लिटर नदीचा श्वास, रोज, एका लाख वस्तीच्या गावासाठी. त्यात कुठलाही कारखाना नाही, कुणी खलनायक नाही. सकाळी उठून तुम्ही-आम्ही संडासात जाऊन साखळी ओढतो, तेवढंच.

हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी उठून म्हणतं, ‘सर, तुम्ही कारखानदारांना सोडताय.’ सोडत नाही हो. त्यांच्याकडे येतोच. पण आधी घरचं.

केंद्रीय मंडळानंच २०२१ मध्ये देशभरातल्या मैलापाण्याचा हिशेब मांडला. महाराष्ट्रातल्या शहरांतून रोज ९१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. प्रक्रिया केंद्रांची बांधलेली क्षमता ६८९० दशलक्ष लिटर. इथपर्यंत ऐकून बरं वाटतं, की तीन-चतुर्थांश काम झालं. पण त्या केंद्रांत प्रत्यक्षात शिरणारं पाणी होतं ४२४२ दशलक्ष लिटर. निम्म्याहून कमी. केंद्र उभं आहे, उद्घाटनाची पाटी आहे, पंप आहेत, आणि पाणी बाहेरून वळसा घालून नदीत जातंय. कारण केंद्र बांधणं हे ठेकेदारीचं काम आहे, ते होतं. घरोघरच्या संडासापासून केंद्रापर्यंत भुयारी गटार नेणं म्हणजे गल्ली उकरणं, लोकांच्या शिव्या खाणं, आणि झाल्यावर दाखवायला काहीच न उरणं. जमिनीखालच्या पाइपला फीत कुठून बांधणार? शिवाय चोवीस तास मोटारी चालवायचं वीजबिल. पालिकेची तिजोरी आटली की पहिली बंद पडते ती मैल्याची मोटार. पिण्याच्या पाण्याची मोटार बंद पडली तर घागर मोर्चा येतो, मैल्याची बंद पडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. लागतोच तर खालच्या गावाला.

आता मला ज्यासाठी खरं तर यायचं होतं, ते बोलतो. नदी घाटावर मरत नाही. ती ओढ्यात मरते.

कोल्हापुरात कुणालाही विचारा, जयंती नाला कुठाय. हुतात्मा पार्कातून जातो तो, नाक दाबायला लावणारा. पण जुन्या माणसांना विचारा. ती जयंती नदी म्हणतात. तिची जोडीदारीण गोमती. दोघी शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांतून येतात, शहरात एकत्र होतात आणि पंचगंगेला मिळतात. करवीर माहात्म्यात त्यांची नावं तीर्थांसारखी येतात. मग शहर वाढलं, ज्याच्या-त्याच्या न्हाणीचं पाणी उताराला लागलं, आणि उतार जयंतीकडे. नदीचा नाला झाला, आणि एकदा तोंडानं नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायला मन मोकळं झालं. भाषेनं परवानगी दिली, असं मी म्हणतो. आज त्या जयंतीला नदीच्या तोंडाशी अडवून, तिचं पाणी पंपानं उचलून कसबा बावड्याच्या केंद्रात न्यावं लागतं. रोजची ७६ दशलक्ष लिटरची क्षमता आहे त्या केंद्राची, लहान नाही. पण पावसाचा एक चांगला सडाका आला किंवा वीज गेली, की पाणी अडवलेल्या भिंतीवरून उडी मारून सरळ पंचगंगेत. म्हणजे एक नदी आपण पंपानं उचलून नळीत घालतो, का तर ती दुसऱ्या नदीला बाटवू नये म्हणून.

हे कोल्हापूरचंच नाही. मुंबईत मिठी ही नदी आहे, हे निम्म्या शहराला २६ जुलै २००५ ला कळलं, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा. पुण्यात आंबिल ओढा आहे हे सप्टेंबर २०१९ च्या पुराच्या एका रात्री कळलं. नागपूरचं नाव ज्या नाग नदीवरून पडलं, असं म्हणतात, ती नागपूरकरांच्या बोलण्यात ‘नागनाला’ होऊन बसली. तिचं पाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्द धरणात जातं. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत तुंबते. ११७ टीएमसीचं धरण, महाराष्ट्रातलं मोठ्यातलं एक. उन्हाळ्यात त्याचं पाणी हिरवंगार होतं. पुण्या-पिंपरीच्या मैल्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन शेवाळ फुलतं ते. ते पाणी सोलापूर पितं. तेच पाणी सोडलं की चंद्रभागेत येतं, आषाढीला ज्यात वारकरी उतरतात. इंद्रायणीच्या फेसाचे फोटो तुम्ही कार्तिकीला पेपरात बघता. फेस होतो मुख्यतः साबण-डिटर्जंटानं, पाणी बंधाऱ्यावरून आपटलं की. अभंगाच्या नदीवर सर्फाचा फेस! फोटो झकास येतो आणि त्या फोटोमुळे आठवडाभर चर्चा होते. पांढऱ्या साक्याचा फोटो कुणी छापत नाही, तो दिसायला दह्यासारखा दिसतो.

बरं, आता कारखाने.

इचलकरंजीचं उदाहरण घेऊ, घरचंच आहे. काळ्या ओढ्याचं नाव इथं सगळ्यांना माहीत आहे. यंत्रमागांचं शहर, त्यामागं सायझिंग आणि प्रोसेस, म्हणजे कापड धुणं-रंगवणं. प्रोसेसच्या पाण्याचा रंग दिसतो, आज निळा उद्या लाल, म्हणून सगळी ओरड रंगाची. मला विचाराल तर रंग हा त्यातला त्यात कमी खाणारा पाहुणा. खरी खादाड आहे ती खळ. सुताला मागावर ताकद यावी म्हणून सायझिंगला स्टार्चची खळ देतात. कापड विणून झालं की रंगवण्याआधी ती सगळी खळ धुऊन काढावी लागते. कापडाच्या प्रक्रियेतल्या बीओडीचा मोठा वाटा, बऱ्याचदा निम्मा, या एका धुण्यातून येतो. खळ म्हणजे पेजच की. जिवाणूंना आयतं पक्वान्न. ती पाण्यात मिसळली की दिसत नाही, वास येतो तो दोन दिवसांनी आणि भलत्याच गावात.

आणि मीठ. रंग कापडावर चढावा म्हणून रंगाच्या टाकीत मीठ ओततात, पोत्यांनी. सामुदायिक प्रक्रिया केंद्र उत्तम चाललं तरी तिथले जिवाणू खळ खातील, मीठ खाणार नाहीत. ते जसंच्या तसं बाहेर पडतं. हे उद्योजकांनाही माहीत आहे, मंडळालाही माहीत आहे. मीठ काढायची यंत्रं आहेत, पण ती महाग आहेत आणि तागा दोन-चार पैशांच्या फरकानं विकला जातो. मी कुणाला चोर म्हणत नाही. जो प्रोसेसवाला पाणी नीट शुद्ध करतो, त्याचं कापड महाग पडतं, आणि शेजारचा रात्री व्हॉल्व्ह उघडणारा त्याचं गिऱ्हाईक पळवतो. प्रामाणिक माणसाला धंद्यात शिक्षा होईल अशी आपली रचना आहे.

साखरेचं बोलायलाच हवं, नाहीतर शिरोळातून मला जाऊ देणार नाही तुम्ही. पेपरात ‘मळीमिश्रित पाणी’ असा शब्द येतो. मळी विकली जाते, ती कोण फुकट सोडेल? सुटतं ते मळीपासून दारू काढल्यावर उरलेलं काळं पाणी, स्पेंटवॉश. त्याचा बीओडी चाळीस हजारांच्या घरात आणि वरही असतो. मगाशी मैल्याचा अडीचशे धरला होता, आठवतंय ना? चाळीस हजार भागिले आठ, म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश पाच हजार लिटर नदी गिळतो. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे पाच कोटी लिटर. एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर असं पाणी निघतं. आता नियमानं आसवनीला, म्हणजे अल्कोहोलच्या कारखान्याला, यातला थेंबही बाहेर सोडता येत नाही. आटवून जाळायचं किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाच्या रसाच्या गाळात, मुरवून खत करायचं. बरेचजण करतात, हेही सांगितलं पाहिजे. पण साठवणीची तळी भरली, वळवाचा पाऊस आला, किंवा कुणी नुसतंच दुर्लक्ष केलं, की ओढ्याला रंग येतो. चहासारखा. आणि पुन्हा बघा, ते नदीत थेट सहसा सोडलं जात नाही. ओढ्यात सोडलं जातं. ओढ्याला पहारेकरी नसतो.

उल्हासनगर-अंबरनाथकडच्या वालधुनीत तर २०१४ मध्ये टँकरनं रसायन ओतलं आणि त्याच्या वायूनं काठावरच्या शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. बीओडी वगैरे मोजायची वेळच आली नाही तिथं.

आता बंधाऱ्यांकडे येतो, कारण मासे का मरतात याचं अर्धं उत्तर तिथं आहे. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि नदीची साखळीनं तळी होतात. वाहती नदी हवेतून ऑक्सिजन ओढते, तुंबलेली ओढत नाही. मैला तळाशी बसतो, वर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं, उजेडही आत जात नाही. आपण त्या पाण्यावर ऊस जगवतो, म्हणून बंधारे नकोत असं मी म्हणणार नाही, माझंही दीड एकर त्यावरच आहे. पण बरगे काढले की वरचं सगळं काळं पाणी एकदम खाली येतं. एका रात्रीत मासे वर येऊन हवेला तोंड मारायला लागतात आणि सकाळी बंधाऱ्यावर जत्रा. चादरी, मच्छरदाण्या, साड्या घेऊन लोक मासे धरायला. दुपारी अधिकारी येतात, पंचनामा होतो, पाण्याचा नमुना घेतात. ज्या पाण्यानं मासे मारले ते एव्हाना नरसोबाच्या वाडीला पोचलेलं असतं. खून झाल्यावर खुनी गेला आणि पोलिसांनी वाटेतल्या पांथस्थाच्या बोटांचे ठसे घेतले, असा तो नमुना.

तेरवाडजवळच्या एका मासे धरणाऱ्या मामांनी मला सांगितलं होतं, ‘सर, मासं मेल्यावर समद्यास्नी कळतंय. त्याच्या आदी दोन दीस पाण्याचा वास फिरतोय. तवा इचारायला कोण येत न्हाई.’ मी त्यानंतर पोरांना सांगितलं, बाटल्या घेऊन तारखेनं जाऊ नका, मामांचा फोन आला की जा. आमचे सगळ्यात चांगले नमुने त्या फोनचे आहेत.

आता शेती, आणि हे जरा अवघड जागेचं दुखणं. शिरोळची जमीन क्षारपड का झाली हे तुम्हाला मी शिकवायला नको. पाटानं भरमसाठ पाणी, युरियाच्या पोत्यावर पोतं. पिकानं न घेतलेला नत्र विहिरीत उतरतो, नायट्रेट होऊन. तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर बाळ निळं पडू शकतं, रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. आता जमिनी सुधारायला आपण सच्छिद्र पाइप टाकतोय, जमीन खरंच सुधारतेय, मी बघितलंय. पण तो निचरा जातो कुठे? ओढ्यात. क्षार आपल्या रानातून उठून खालच्या गावाच्या पाण्यात गेले. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. फक्त कारखान्याला बोट दाखवताना हे पाइप आठवावेत.

गावांचंही तेच. हागणदारीमुक्तीत घरोघर संडास झाले, चांगलं झालं. पण टाकीला शोषखड्डा किती घरांना आहे? टाकीचं तोंड गटारीला, गटार ओढ्याला. टाकी भरली की उपसायला गाडी येते, हजार-दीड हजार घेते. ती गाडी रात्री कुठे रिकामी होते, हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय? मी विचारलं होतं. ड्रायव्हर हसला आणि म्हणाला, ‘लांब.’

इथं कॅन्सरचा विषय निघतोच, मगाशी चिठ्ठीही आली. मी डॉक्टर नाही. नदीच्या एका नमुन्यावरून तुमच्या घरातल्या आजाराचं कारण ठामपणे सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पण पाण्यानं कावीळ होते याला वाद नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडे जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हाही बोट पाण्याकडेच गेलं.

आणि आता सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. इचलकरंजी पंचगंगेच्या काठावर आहे. तिची तहान भागवायला पाणी आणतात कृष्णेवरून, मजरेवाडीहून. ते पुरेना म्हणून वारणेचं आणायचं ठरलं, तर दानोळीची माणसं रस्त्यावर बसली. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना आली, तर तिथल्या काठचे शेतकरी उठले. म्हणे, तुमच्या दारात नदी आहे, ती आधी साफ करा. त्यांचं काय चुकलं? आणि इचलकरंजीच्या बाईचं तरी काय चुकलं, जिच्या नळाला कित्येक दिवसांतून एकदा पाणी येतं? प्रदूषण म्हणजे मासे आणि फेस असं आपण समजतो. माझ्या मते प्रदूषण म्हणजे हे भांडण. आपली नदी बाटवली की दुसऱ्याच्या नदीवर हंडा घेऊन जावं लागतं. मराठवाड्यात पाणी नाही म्हणून रेल्वेनं नेलं. इथं पाणी आहे आणि तरी नाही.

एक चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल सर रडवून गेले. नागपूरला भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. १३० दशलक्ष लिटरचं ते केंद्र आहे. वीज केंद्राला पाणी मिळतं, तितकं धरणातलं पाणी वाचतं. मैल्याला गिऱ्हाईक मिळालं की पंप बंद पडत नाहीत, कारण पाणी आलं नाही तर ओरडणारं कुणीतरी तयार होतं. आपल्याकडेही सायझिंग, प्रोसेस आणि ऊस, तिघांनाही पाणीच हवं आहे. कोल्हापूरचं शुद्ध केलेलं पाणी विकत मागायला कुणी गेलंय का, मला ऐकायला आवडेल.

निर्माल्य-मूर्तींचं विचारलंय. कोल्हापुरात आता बऱ्याच मूर्ती इराणी खणीत, म्हणजे जुन्या खाणीच्या तळ्यात, जातात, मूर्तिदानही होतं, आणि ते लोकांनी स्वतःहून केलं, याचं मला कौतुक आहे. प्लास्टर विरघळत नाही, रंगात धातू असतात, तेव्हा नदीत नकोच. पण मगाशी काढलेली मापं आठवा. वर्षातून एक दिवस फूल टाकणाऱ्या आजीला पोरं हटकतात, आणि त्याच पोरांच्या अपार्टमेंटचं गटार तीनशे पासष्ट दिवस ओढ्यात. हटकायला आजी सोपी जाते.

शेवटची चिठ्ठी. ‘सर, तुम्ही स्वतः पंचगंगेचं पाणी कधी प्यायलात का?’

हो. लहानपणी, प्रयाग चिखलीला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती जिथं एकत्र येतात तिथं, माघात. वडिलांनी अंघोळ झाल्यावर ओंजळीनं पाजलं होतं. गेल्या दिवाळीनंतर मी तिथं पुन्हा गेलो, एकटाच. आता पोरं नाहीत बरोबर, पण पिशवी होती. शहराच्या वरची नदी ती, अजून जयंती तिला भेटलेली नाही. गुडघाभर पाण्यात उतरून बाटली भरली, दोन्ही द्रावणं सोडली, चार वेळा उलटी केली आणि घाटाच्या पायरीवर ठेवून बघत बसलो.

तपकिरी. आणि चांगला गडद.